पंखाला दिलेली खळ

सुरतेजवळ उधन्याच्या आमच्या चाळीत आवाज थांबला की माणसं जागी व्हायची. भिंतीपलीकडं मागांची शेड होती आणि खटाखट खटाखट दिवसरात्र चालायची. त्या आवाजात आम्ही जेवलो, भांडलो, परीक्षेचा अभ्यास केला. कुजबुजणं म्हणजे काय असतं ते मला सासरी गेल्यावरच कळलं. माझा आवाज अजूनही मोठाच आहे; सुना म्हणतात, आईंना गावाला बोलायला फोन लागत नाही. म्हणेनात का. आठवड्यातून एक दिवस मागांना सुट्टी असायची, आणि त्या सकाळी कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. माय चुलीवर कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी थापायची, तिच्या हाताची थपथप त्या एकाच दिवशी ऐकू यायची. आणि मग वरून तो दुसरा आवाज यायचा. आधी लांबून गुणगुण, मग नदीच्या बाजूनं सरळ आमच्या पत्र्यांवर.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मशेरी लावत ओट्यावर बसलेले असायचे. ते मान वर करून बघायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "उना रे उना, रिकामा उना!" आला रे आला, रिकामा आला. एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्यांचं ते पिवळं विमान तापीवरून एक गिरकी घेई, उधन्यावरून दुसरी, आणि आलं तसं परत जाई. आबांना त्याचाच राग. "ना कुठं जायचं, ना कुठून यायचं," ते म्हणत. "जिथून उडाला तिथंच उतरणार. मग मेल्या, उडतो कशाला? पाय मोकळे करायचे तर चालत जा की!" आम्ही पोरं हसायचो. माय मात्र एकदा भाकरी उलटता उलटता म्हणाली, "आखाजीना झोका कथा जास हो? जठे शे तठेच येस ना? तरी पोरी रडतस ना झोकासाठे?"

आबांनी पुन्हा मशेरी लावायला घेतली; झोका जिथून निघतो तिथंच येतो, तरी पोरी त्यासाठी रडतात, हे त्यांना कुठून कळणार? आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि लिंबाला दोर बांधून झोका खेळतात. पुरुष ओट्यावर पत्ते कुटतात. आबांनी जन्मात झोका घेतलेला नव्हता.

हा रिकामा माणूस काही परका नव्हता. आबा आधी ज्या मिलमध्ये विणकर होते, तिथले वीव्हिंग मास्तर सोराबकाका. पारशी, उंच, एकटे. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठल्याशा फ्लाइंग क्लबनं मोडीत काढलेलं दोन माणसांचं विमान घेतलं आणि इच्छापोरच्या पलीकडं, समुद्राच्या बाजूला, वाळलेल्या खारपाटावर एक शेड उभारून तिथं ठेवलं. लोक म्हणायचे, डोसा, म्हणजे म्हातारा, वेडा झाला. मला तसं कधीच वाटलं नाही. त्या वेळी मी अठरा-एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक होऊन घरी शिवणकाम करत होते, आणि विमानाचा आवाज आला की हातातली कात्री टाकून अंगणात पळत होते. कशाला लपवू? मला त्या माणसाचा हेवा वाटायचा.

एका दिवाळीनंतर सोराबकाका स्वतःच आमच्या चाळीत आले. जीप गल्लीच्या तोंडाशी लावून, नाल्यावरून उडी मारून. आबांनी गडबडीनं खाट झटकली. काका बसले, मायच्या हातची भाकरी आणि ठेचा मागून घेतला, डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला, आणि म्हणाले, "भिका, मने कापड जोईए. पांख माटे."

"पांख म्हंजे? पंख?" आबा म्हणाले. "साहेब, तुमचं विमान पत्र्याचं ना?"

"अरे गांडा, पत्रुं शेनुं? कापडनुं छे! लाकडानी पांसळीओ अने उपर सुतराउ कापड!"

अरे वेड्या, पत्र्याचं कसलं, लाकडाच्या फासळ्या आणि वर सुती कापड! चार-पाच वर्षं ज्याला रिकामा म्हणून शिव्या घातल्या तो कापडावर बसून उडत होता, हे त्यांच्या गळी उतरेना. "कापड?" त्यांनी पुन्हा विचारलं. "आपण विणतो तसलं?" काका म्हणाले, तसलं नाही, पण तू विणशील तसलं. जुनं कापड उन्हानं आणि खाऱ्या हवेनं कुजलंय, बोट घातलं तर आरपार जातं. बारीक सुताचं, घट्ट, एकसारखं कापड हवं, एकही तुटका धागा नको. "बीजा कोईनुं मने न चाले," ते म्हणाले. "भिकानुं कापड हुं जोतो पण नथी." दुसऱ्या कुणाचं चालायचं नाही; भिकाचं कापड मी तपासतसुद्धा नाही. आबांनी खाली मान घातली, पण त्यांचे कान लाल झाले होते ते मी पाहिलं.

हे वाक्य आबांना केवढं होतं, ते सांगायला हवं. तेव्हा मिलमध्ये रीत अशी होती की बिघडलेलं कापड विणणाऱ्याच्याच गळ्यात मारायचे. त्यामुळं चाळीत घराघरांत धागे सुटलेले पडदे, डाग पडलेल्या चादरी, वाकड्या काठाचे टॉवेल. कुणाच्या दोरीवर काय वाळतंय त्यावरून त्याचा हात कळायचा. आमच्या दोरीवर एकदाही तसलं काही वाळलं नाही. आबा बोलून दाखवत नसत, पण सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालायचे ते स्वतः, अगदी सगळ्यांना दिसतील असे.

आबा आता भिंतीपलीकडच्या शेडमध्ये काम करत; तिच्या मालकानं सुट्टीच्या दिवशी एक माग चालवायला दिला आणि आबांनी पाच-सहा सुट्ट्यांत ते कापड विणलं. एकच माग चालत असलेला मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. एरवीचा गलका नाही, एकाचंच चालणं. मी आणि माय कापड उजेडात धरून वीत न् वीत अंगठा फिरवून बघायचो. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. सोराबकाकांनी निक्षून सांगितलं होतं की ती खळ सगळी काढा, एक कणही ठेवू नका. आबांनी हंड्यात सोडा घालून कापड उकळलं, तीनदा धुतलं, वाळवलं आणि ते पाळीवर गेले. दुसऱ्या दिवशी काका कापड न्यायला येणार होते.

आणि इथं आम्ही माती खाल्ली. मायनं ते कापड हातात घेतलं आणि तिचा चेहराच पडला. "माय वं! हाई काय मेलं लुळं लुळं!" खरंच, जुनेऱ्यासारखं पडलं होतं ते. विणकराच्या घरातून कापड बाहेर जातं ते कडक, हातात घेतलं की करकर वाजलं पाहिजे. बिनखळीचं कापड देणं म्हणजे पाहुण्याला अळणी वाढणं. एवढा मोठा माणूस न तपासता नेणार आणि आपण हे चिंधूक द्यायचं? मीही म्हणाले, "थोडीशी देऊ या." खळ का नको ते काकांनी सांगितलं नव्हतं, आणि ज्याचं कारण माहीत नाही ते पाळायचं कशाला, असं वयच होतं माझं. आम्ही तांदळाची पातळ कांजी केली, वर निळीचा एक थेंब टाकला, कापड बुडवून काढलं, ताणून वाळवलं आणि इस्त्री फिरवली. काय दिसत होतं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी काका आले, गठ्ठा उचलला, शब्दाला जागून घडीसुद्धा उलगडली नाही. आबांना आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

पंख शिवायला मला आणि मायला काकांनी जीपमधून इच्छापोरला नेलं. आठ-दहा दिवस जात होतो. ते दिवस माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दिवसांत आहेत. शेडमध्ये पंखाचा सांगाडा त्याच्या एका कडेवर उभा ठेवलेला होता. लाकडाच्या नाजूक फासळ्या, एवढ्या हलक्या की एका हातानं उचलाव्यात. त्याच्यावर कापड चढवायचं, आणि मग मी एका बाजूला, माय दुसऱ्या बाजूला. लांबलचक सुई मी आरपार घालायची, मायनं ओढून परत पाठवायची, प्रत्येक फासळीशी मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ. दोघी एकमेकींना दिसत नव्हतो, फक्त सुई यायची आणि जायची. माय पलीकडून आखाजीची गाणी म्हणायची. काका स्टुलावर बसून ऐकायचे आणि म्हणायचे, अशी गाणी ऐकलेला पंख सुरतेत दुसरा नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, वर जाऊन करता काय?" काकांनी हातातला मेणाचा गोळा खाली ठेवला. मग म्हणाले, "कंई नथी करतो, दीकरी. आखी जिंदगी कंई ने कंई कर्युं. उपर जईने कंई नथी करतो." जन्मभर काही ना काही केलं; वर जाऊन काहीच करत नाही. शेवटची गाठ मारली तेव्हा त्यांनी सांगितलं, आधी मी एकटा उडून बघेन, आणि मग "पहेली सीट सीवनारनी." पहिली सीट शिवणारणीची. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग काकांनी पंखाला डोप लावलं. ते एक पातळ औषध असतं, त्याचा पिकल्या केळ्यांसारखा वास येतो. मायला लगेच खानदेशातल्या चोपड्याच्या केळीबागांची आठवण झाली. ते सुतात मुरतं आणि कापड आवळून ढोलासारखं ताठ करतं. पंख टणटण वाजायला लागला. काका खुशीत होते. मला समजावत म्हणाले, म्हणूनच तर खळ काढायला सांगितली होती. खळ असली तर डोप सुतात शिरत नाही, नुसतं वर बसतं. वाऱ्यात त्याचा पापुद्रा सुटतो, कापड फुगतं, फाटतं, आणि मग देवाचं नाव घ्यायचं.

काका पाणी प्यायला वळले तशी मी पंखाच्या टोकाशी गेले आणि नखानं खरवडलं. दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा अलगद उचलून वर आला. खाली आमचं कांजीचं कापड, निळसर, कोरडं.

घरी आल्यावर मायला सांगितलं. तिनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "गप ऱ्हाय. आखो एक हात लावशे रंगना, ते बशी जाई. तुना बापले सांगू नको." रंगाचा आणखी एक हात लागला की बसेल, म्हणे. मी तिला दोष देत नाही. तिला आमच्या दोरीवर पहिल्यांदाच वाळणारं बिघडलेलं कापड दिसत होतं. आणि मला काय दिसत होतं? मला माझी सीट दिसत होती. माझं लग्न शिरपूरला ठरलं होतं, आखाजीनंतरची तारीख होती. ह्या रविवारी काका एकटे उडणार, पुढच्या रविवारी मी. आता बोलले तर पंख सोलून पुन्हा करायला महिने जाणार, आणि मी तोवर शिरपूरला चुलीपुढं. मी स्वतःला सांगितलं, माय म्हणते तसं बसेल कदाचित. चार दिवस मी हे स्वतःला सांगत होते. एवढी वर्षं झाली, पण त्या चार दिवसांची मला अजून लाज वाटते.

रविवारी आबाही आले होते, धुवट धोतर नेसून, आपलं कापड उडताना बघायला. सकाळचं दव होतं. काका चामड्याची टोपी घालून पुढच्या खुर्चीत बसले. विमानाच्या नाकावरचा पंखा हातानं फिरवायला आबांनाच शिकवलं होतं, ते पुढं उभे राहिले. काकांनी मला हात केला. साठीच्या पुढचा माणूस, शाळा सुटलेल्या पोरासारखा हसत होता. आणि माझ्या तोंडून किंकाळीच फुटली, "थांबा! काका, खाली उतरा! आम्ही खळ दिलीय!"

कुणाला काही कळेना. मी रडत रडत सगळं सांगितलं, गुजरातीत सुरू केलं आणि अहिराणीत संपवलं. आबा पंखाजवळ गेले. अंगठ्यानं दाबलं, नखानं पापुद्रा काढला, हातभर निघाला. त्यांच्या हातात तो लोंबत होता. काकांनी उतरून येऊन तो बोटांत चुरून बघितला. मग त्यांनी विचारलं, "कांजी शेनी हती?"

"चोखानी," मी म्हणाले. तांदळाची.

"साल्ली! मारी पांखने भात खवडावी दीधो!" पंखालाच भात भरवला, असं म्हणून ते हसायला लागले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बोली ते सारुं कर्युं, दीकरी." बोललीस ते बरं केलंस.

आबा हसले नाहीत. मला वाटलं आता थोबाडीत बसते. ते काकांसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, कापड माझ्या घरातून आलंय. नवं विणून देतो. आणि ज्या दिवशी उडेल त्या दिवशी पहिल्यांदा मी बसणार. आमच्यात बिघडलेलं कापड विणणाऱ्याच्याच अंगावर येतं."

काका नको नको म्हणत होते, ऐकतो कोण? आबांनी उसवलेलं सगळं कापड घरी आणलं, धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं, स्वतः, सगळ्यांना दिसेल असं. शेजारच्यांनी विचारलं तर सांगायचे, "माझं परत आलेलं कापड आहे." मायनं त्या दिवशी भात केला नाही, आणि नंतरही बरेच दिवस केला नाही. नवं कापड तिनं स्वतः उकळलं, चारदा, हात भाजेपर्यंत. ते लुळंच काकांना दिलं. पुन्हा सुई आली आणि गेली. या खेपेला माय गात नव्हती, गाठी मोजत होती. काका रोज पंखावर नख चालवून बघत, आणि मला ते बघून बरं वाटे. फाल्गुन गेला, चैत्र सरत आला, माझ्या लग्नाच्या साड्या आल्या. माझ्या सीटबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

आखाजीच्या आदल्या रविवारी विमान तयार झालं. आबांचं न ऐकता काका आधी एकटे जाऊन आले. मग आबा चढले. ते देवाचं नाव घेत होते, आणि धोतराचा सोगा पंख्यात जाईल म्हणून मायनं तो त्यांच्या कमरेला कच्चून बांधला. "नका जाऊ," असं ती एकदाही म्हणाली नाही. विमान खारपाटावर धावलं, उचललं गेलं, आणि माझा बाप वर गेला. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या. पिवळं विमान समुद्राकडं गेलं, वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं. पंखाचं कापड उन्हात दिसत होतं, ताणलेलं, कुठंही सुरकुती नाही. मायनं किती नवस बोलले देव जाणे.

उतरल्यावर आबा काही वेळ आतच बसून राहिले. मला वाटलं भोवळ आली. मायनं धावत जाऊन विचारलं, "काय व्हयनं हो? बरं वाटस ना?" आबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं की कशाचं कोण जाणे. आणि ते म्हणाले, "अवं, हाऊ ते झोकाच शे! इतला वर्सं तुम्ही बाया आम्हनापाईन लपाडी बसन्यात!" हा तर झोकाच, आणि तुम्ही बायांनी इतकी वर्षं आमच्यापासून लपवला! मग खाली उतरून त्यांनी माझ्याकडं बोट केलं, आणि लग्न ठरलेल्या पोरीला विमानात बसवतात का, लोक काय म्हणतील, असलं काहीही न बोलता एवढंच म्हणाले, "बस. तुनं शिवेल शे." तूच शिवलंयस.

माझा नातू विमानानं परदेशी जातो. सोळा तास बसतो म्हणे. मी विचारते, खाली काय दिसलं रे? तो म्हणतो, आजी, खिडकी बंद होती, मी पिक्चर बघत होतो. मी कपाळावर हात मारते. मला पंधरा मिनिटं मिळाली, उघड्या खुर्चीत, तोंडावर वारा, आणि त्यातलं एकही मिनिट मी वाया घालवलेलं नाही. जमीन सुटली ते कळलंच नाही, फक्त हादरे थांबले. खाली मिठागरं, तापीचं रुंद तोंड, तिच्यात भरतीचं पाणी शिरताना दिसणारी रेघ, आणि लांब धुरात सुरत, एवढीशी. त्या एवढ्याशा गावात आमची चाळ, आमची दोरी, सगळे आवाज. मी बाजूला पंखाकडं पाहिलं. माझ्या गाठी ओळीनं उभ्या होत्या, वाऱ्यात त्यांचा सूर लागला होता, आणि त्या धरून होत्या. मला भीती अशी वाटलीच नाही. मी जे लपवलं होतं ते आता कुठंच नव्हतं, म्हणून असेल.

मग काकांनी इंजिन अगदी मंद केलं. एकदम शांत झालं, सुट्टीच्या दिवशी माग थांबावेत तसं. नुसतं वाऱ्याचं शीळ घालणं. ते मान वळवून ओरडले, "बोल, दीकरी! क्यां जवुं छे?"

कुठं जायचंय? खाली दोन ठिपके उभे होते, एक पांढरा, एक हिरव्या लुगड्याचा. आठ दिवसांत आखाजी होती, पंधरा दिवसांत शिरपूर. मी वाऱ्यात तोंड उघडलं आणि आमच्या चाळीतल्या आवाजात, जेवढ्या मोठ्यानं ओरडता येतं तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "कुठंच नाही, काका! कुठंच नाही!"